दाराशी कुणी ‘होडी’ म्हणतंय

मावशी, प्रभूच्या नावात सलाम.

मी मूळची भायखळ्याची, वय 27. मुंबईतल्या एका रुग्णालयात पाच वर्षं नर्स होते. दीड वर्ष प्रार्थना करून, आमच्या चर्चच्या मंडळीचा आशीर्वाद घेऊन टांझानियात आले. म्वांझाजवळच्या एका मिशन दवाखान्यात दोन वर्षांची सेवा ठरली आहे. आज चोविसावा दिवस. इथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी अजून हातात नाही, म्हणून मेट्रन मला रुग्णाला हात लावू देत नाहीत. दिवसभर ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून असते. भाषा कळत नाही. इथली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घशाखाली उतरत नाही. आई दिवसातून तीनदा व्हिडिओ कॉल करते आणि आम्ही दोघी रडतो. आमच्या मंडळीचा महिला संघ दर रविवारी फोटो आणि अहवाल मागतो. मी काहीच केलं नाही तर पाठवू काय? पवित्र शास्त्र उघडते, पण शब्द आत जात नाहीत. शेजारची एक बाई रोज संध्याकाळी दाराशी येऊन ‘होडी, होडी’ असं काहीतरी ओरडते. मला उत्तर देता येत नाही, म्हणून दिवा मालवून झोपल्याचं सोंग घेते. निरोपाच्या उपासनेला सगळी मंडळी जमली होती, आता परत गेले तर तोंड कसं दाखवू? मावशी, माझं पाचारण, देवाचं ते बोलावणं, खरं होतं का?

— तुमची एक वाचक

बाळा, सलाम.

तुझं पत्र वाचून मी आधी घड्याळाकडे पाहिलं. इथे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे तुझ्याकडे सात. ती वेळ मला चांगली ठाऊक आहे. एकदम अंधार पडतो, चुलींचा धूर आवारभर पसरतो, दवाखाना रिकामा होतो, आणि मुंबईत आत्ता घरोघरी ताटं वाढली असतील हे आठवून पोटात तुटतं. मी केनियात, मोंबासापासून आत एका मिशनच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली. त्यातले पहिले दोन महिने मला आजही बाकीच्या सगळ्या वर्षांपेक्षा स्पष्ट आठवतात.

तू मला बरेच प्रश्न विचारलेस. पण मी थांबले ते होडीच्या ओळीपाशी.

ती बाई ओरडत नाही, बाळा. स्वाहिली मुलखात दार वाजवत नाहीत. बाहेर उभं राहून ‘होडी’ म्हणायचं आणि आतून ‘कारिबू’ असं उत्तर येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. कारिबू म्हणजे या, जवळ या. आपल्याकडे चाळीत ‘आहे का कुणी घरात?’ म्हणत माणूस सरळ आतच येतं, तिथे उत्तराशिवाय येत नाही. दोन-तीनदा हाक देऊन आतून आवाज आला नाही तर निमूट परत जातं. म्हणजे ही बाई चोवीस दिवस तुझ्या दारातून परत जाते आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आहे. तिच्याविषयी मला बरंच बोलायचंय. पण आधी शरीराचं बोलून घेऊ, कारण ते थांबू शकत नाही.

तू नर्स आहेस, तरी सांगते, कारण परमुलखात नर्सही स्वतःची पेशंट म्हणून काळजी घेत नाही. मुंबईत मलेरिया आपण खूप पाहिला, पण इथे तो बहुतेक वेळा वायवॅक्स जातीचा असतो. तिथे बहुतांश फाल्सिपारम जातीचा. तो एक-दोन दिवसांत माणसाला गंभीर करू शकतो आणि आपल्या अंगात त्याच्याविरुद्ध काही ताकद नसते. तेव्हा अंग मोडून आलं, डोकं जड झालं, रात्री कापरं भरलं तर ‘घरची आठवण येत असेल’ असं स्वतःला समजावू नकोस. त्याच दिवशी रक्त तपासून घे. मच्छरदाणी गादीखाली नीट खोच. प्रतिबंधाच्या गोळ्या तिथल्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर मधेच सोडू नकोस. आणि व्हिक्टोरिया सरोवर कितीही सुंदर दिसलं, त्या मोठाल्या खडकांमधून पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटलं, तरी नको. त्या पाण्यात बिल्हार्झिया हा रोग करणाऱ्या कृमींच्या अळ्या असतात आणि त्या कातडीतून आत शिरतात.

मग झोप. चोवीस दिवस तू धड झोपलेली नाहीस, हे तुझं अक्षर सांगतं. शास्त्राचे शब्द आत जात नाहीत म्हणतेस, तर 1 राजे 19 वा अध्याय काढ. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून ‘आता मरण दे’ म्हणतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही, पाचारणाची आठवणही देत नाही. झोपू देतो, दूताच्या हातून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देव त्याच्याशी बोलतो ते नंतर, डोंगरावर. तुझी प्रार्थना आटली आहे असं मला वाटत नाही. तू थकली आहेस. आठवडाभर मोठ्या प्रार्थनेचा हट्ट सोड. रात्री एक स्तोत्र मोठ्याने वाच, उपासना संगीतातलं एखादं गीत पूर्ण आवाजात म्हण आणि झोप. मराठी आवाज खोलीत घुमू दे. शेजाऱ्यांना ऐकू गेला तर बरंच आहे, त्यांनाही कळेल की तू गातेस.

आता शेजारीण.

माझ्या पहिल्या महिन्यातली गोष्ट तुला सांगते. ती सांगताना मला आजही लाज वाटते. आमच्या क्वार्टरमागे एक विधवा बाई राहायची. तिकडे पोक्त बाईला ‘मामा’ म्हणतात, मीही तेच म्हणते. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या दारात आली, हातात एक जिवंत कोंबडी, पायांना दोरी बांधलेली. कोंबडी पुढे करून हसली. मला वाटलं, विकायला आली आहे. मग वाटलं, विकत नसेल तरी हिच्या घरात तीन लेकरं, हिची कोंबडी मी फुकट कशी घ्यायची? मी आत गेले, पैसे आणले आणि तिच्या हातावर ठेवले. चांगले जास्तच ठेवले. तिचं हसू मावळलं. तिने कोंबडी खाली ठेवली, पैसे उंबऱ्यावर ठेवले आणि गेली. त्यानंतर चार महिने तिने माझ्या दारात हाक दिली नाही. मी मात्र त्या रात्री प्रार्थनेत देवाचे आभार मानले, की एका गरीब बाईला मदत करता आली.

पुढे मला मलेरियाने पाडलं. तिसऱ्या दिवशी दारात ‘होडी’ ऐकू आली. ती उजी घेऊन आली होती. उजी म्हणजे पिठाची पातळ पेज, आपण आजाऱ्याला देतो तशीच. मी उठू शकत नव्हते, नको म्हणायचंही त्राण नव्हतं. तिने चमच्याने भरवली, मी खाल्ली. त्या दिवसापासून मला तिथे शेजार मिळाला. दवाखान्यातल्या बायका मला सिस्टर सोडून नावाने हाक मारू लागल्या, आणि मला वाटतं त्याचं कारण मी केलेली कुठलीही सेवा नव्हती. मी तिची पेज प्याले, ही बातमी आवारभर झाली होती.

लूक 10 मध्ये प्रभू सत्तर शिष्यांना पाठवतो. काय घेऊन पाठवतो ते नीट बघ. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात जाल तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या. आपल्या मंडळ्यांमध्ये पाठवणी होते ती उलटी. दोन बॅगा, औषधांचा खोका, वाटायला कपडे, आणि ‘तू तिथे जाऊन त्यांना दे’ हा आशीर्वाद. प्रभूने मात्र माणसं रिकाम्या हातांनी पाठवली, म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून भाकर मागावी लागेल अशीच. पहिल्या दिवसांत तुझ्याकडे देण्यासारखं काही नाही याचं तुला दुःख होतंय. मला वाटतं, प्रभूने ज्या अवस्थेत सत्तरांना पाठवलं, त्याच अवस्थेत तू आहेस. बाई दाराशी येते आणि तू दिवा मालवतेस, कारण उत्तर देता येत नाही. कुणी वाढलेलं घ्यायला आपल्यासारख्या काम करणाऱ्या बायकांना फार जड जातं.

स्वाहिलीत एक म्हण आहे, ‘म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे.’ पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. लोक हसत म्हणतात, पण त्यात क्रम आहे. आधी पाहुणा व्हायचं, मग कुदळ मिळते, आणि ती घरच्यांच्या हातून मिळते. तुझी कुदळ म्हणजे ती नोंदणी. मेट्रन तुला रुग्णाला हात लावू देत नाहीत ते बरोबरच करतात. एखादी सिस्टर म्हणेल, ‘कोण बघतंय, एक सलाईन लाव.’ नको लावूस. आपल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसलेली परदेशी बाई आपल्या वॉर्डात सुई टोचू लागली असती तर तूच रिपोर्ट केला असतास. व्हिसा, परवाना यांतही असंच, सेवा आहे म्हणून कायदा सैल होत नाही.

आणि कागदांसाठी थांबणारी तू पहिली नाहीस. 12 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनचे दोघे आपल्या मुंबई बंदरात उतरले. कंपनी सरकारने त्यांना निघून जाण्याचा हुकूम दिला. राहता येईल की नाही हे कित्येक महिने अधांतरी होतं, तेवढ्या काळात ते मराठी शिकत बसले. ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर उभं आहे, ते जॉन विल्सन पत्नी मार्गारेट यांच्यासह 1829 मध्ये आले आणि आधी कोकणात, बाणकोट-हर्णैकडे मराठी शिकायला गेले. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, त्या मराठी येत असल्यामुळेच निघाल्या. आपल्या पणज्यांनी या माणसांना आधी चुकीचं मराठी बोलताना ऐकलं, हसल्या, सुधारून दिलं, आणि मगच त्यांचं काही ऐकलं. तू आता तिकडे त्यांच्या जागी आहेस.

तेव्हा तो बाक सोडू नकोस. ओपीडीबाहेरच्या बाकावर जेवढं स्वाहिली शिकता येतं तेवढं वर्गात येत नाही. मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हण, उत्तर येईल ‘माराहाबा’. आपण मोठ्यांच्या पाया पडतो आणि ते ‘सुखी राहा’ म्हणतात, त्या जागी हे. त्याशिवाय तिथे बोलणं सुरू होत नाही. घरचं कसं, कामाचं कसं, पोरांचं कसं, सगळं विचारून झाल्यावर मुद्दा. आपल्याला फास्ट लोकलची सवय, ‘बोला, काय होतंय?’ म्हणून आपण सुरू करतो. तिथे ते तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं. आणि ‘पोले’ हा शब्द जपून ठेव. कुणी आजारी, कुणी दमलेलं, कुणाच्या हातून भांडं पडलं, कुणाचं माणूस गेलं, सगळ्यांना ‘पोले’. तुझ्या जिवाला लागलेलं मला समजतंय, एवढा त्याचा अर्थ. हा एक शब्द तुला आजही वापरता येतो आणि त्याला कौन्सिलची नोंदणी लागत नाही. तुझ्या भागात सुकुमा लोकांची वस्ती आहे. सकाळी एखाद्या म्हातारीला त्यांच्या बोलीत ‘म्वांगालुका’ म्हणून बघ, तिचा चेहरा काय होतो ते मला कळव.

घड्याळाचाही घोटाळा होत असेल. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण म्हणायचं असतं सकाळचे आठ. आपल्याकडे जुनी माणसं दिवस उजाडल्यापासून घटका मोजत, तसंच. कुणी वेळ सांगितली की सहा मिळव. चर्चला दुपारी दोनला पोहोचून ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणत रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

भाषेची भीती घेऊ नकोस, ती तुला वाटते तेवढी परकी नाही. पावसाळी वाऱ्यांवर गलबतं या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जात, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, विम्याला ‘बीमा’, आंब्याला ‘एम्बे’, चहाला ‘चाय’. नात्यांत मात्र गंमत आहे. ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. वॉर्डात कुणी ‘दादा’ म्हणालं तर मागे वळून पुरुष शोधू नकोस, ती हाक तुला आहे. आणि ‘बाबा’ म्हणजे बाबाच. प्रभूची प्रार्थना स्वाहिलीत ‘बाबा येतू’ अशी सुरू होते, आमच्या बाबा. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मागच्या बाकावर बसून खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं. ती प्रार्थना आधी पाठ कर. पुढच्या रविवारी सगळ्यांबरोबर तोंडाने म्हणता येईल आणि त्या एका मिनिटापुरती तू परकी राहणार नाहीस.

आता एक इतिहास सांगते. तो आपल्या संडे स्कूलमध्ये शिकवत नाहीत याची मला फार खंत आहे. आपल्या महाराष्ट्रातून पूर्व आफ्रिकेत सेवेला गेलेली माणसं तुझ्या दीडशे वर्षं आधी होती, आणि ती आफ्रिकेचीच होती. गुलामांच्या गलबतांतून इंग्रज आरमाराने सोडवलेली मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या पुष्कळांना नाशिकजवळ शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत ठेवलं. तिथे ती लिहावाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली, तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी दफनाची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. त्यांचा देह महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत त्यांचा जुना सोबती चुमा होता, तो मुंबईत जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत राहिलेला. नंतर मोंबासाच्या पलीकडे सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत वसली, तिला आपल्या मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं, फ्रेअर टाऊन. तिथे शिकवायला, काम उभं करायला नाशिकची ही माणसं गेली. त्यांतला विल्यम जोन्स मूळचा लोहार, पुढे पाळक झाला.

तिथे त्यांना काय नाव पडलं? ‘बॉम्बे आफ्रिकन’. कातडी तीच, जन्म त्याच खंडातला, तरी कपडे निराळे, जेवण निराळं, बोली निराळी. किनाऱ्यावरचे लोक त्यांना परके मानत आणि गोरे मिशनरी त्यांना आपल्या बरोबरीचं मानत नसत. दोन्हीकडून एकटे. तरी ते राहिले. फ्रेअर टाऊनची घंटा अजून तिथे आहे. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवत, म्हणून त्या जागेचं नावच केंगेलेनी पडलं, म्हणजे घंटेपाशी. मी माझ्या तिसऱ्या वर्षी ती बघायला गेले. नाशिकच्या कुणा पोराने ही घंटा वाजवली असेल, त्याला संध्याकाळी गोदावरी आठवत असेल का, हेच मनात येत राहिलं. तुला परकं वाटतं म्हणून तुझं पाचारण खोटं, असा हिशेब तू मांडलास. ज्या मातीत जन्मले तिथेच परत आलेल्यांनाही परकं वाटलं. परकं वाटण्यावरून पाचारणाची परीक्षा होत नाही.

जेवणाचं मी थोडक्यात सांगते. बाजारात ‘म्चिचा’ माग, तो आपला माठच. ‘म्बाझी’ म्हणजे तूर. टांझानियाची तूर जहाजाने आपल्याकडे येते, भायखळ्यात तुझी आई जी डाळ शिजवते तीही कदाचित तिकडचीच असेल. आणि सरोवरातली ‘डागा’ ही सुकवलेली बारीक मासळी घे, कांदा-टोमॅटोवर परत, थोडं तिखट घाल. सुकटाचा वास घरभर झाला की अर्धं घर तुझ्याकडे आलं समज. उगालीला चमचा लावू नकोस, हाताने गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून भाजीत बुडव. भाकरी मोडून खाणाऱ्या हाताला ते जमतं. स्वतःच्या चुलीवर आपलं रांध, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. यजमान भगिनींना तो हट्ट वाटे, रमाबाईंनी तो ठेवलाच. ताटावरून विश्वास मोजू नये, हे त्यांनी आपल्या सगळ्यांसाठी भांडून ठेवलं आहे. तुला मात्र असं काही व्रत नाही. म्हणून दुसऱ्याच्या घरी पुढ्यात येईल ते खा, निदान चार घास.

तुला तिथे ‘म्हिंदी’ म्हणतील, म्हणजे हिंदी माणूस. तिकडे आपल्या देशातले लोक पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहेत, तेव्हा तुझंही दुकान असेल, तुझ्याकडे पैसा असेल, तू स्थानिकांबरोबर जेवणार नाहीस, असं आधीच धरून चालतील. रागावू नकोस, समजावतही बसू नकोस. शहरात गुजराती, कच्छी दुकानं सापडतील. मसाला घ्यायला जरूर जा, दोन शब्द हिंदीत बोलून ये. पण दर शनिवार-रविवार तिथेच काढू लागलीस तर सोमवारचा दवाखाना आणखी परका वाटेल.

इथे मला मुंबईतल्या मंडळ्यांशी बोलायचं आहे, आणि जरा कडक बोलणार आहे. बायांनो, दर रविवारी फोटो मागू नका. कसला फोटो हवा आहे? आजारी काळ्या लेकराला कडेवर घेतलेली आपली मुलगी? तुमची आई सरकारी दवाखान्यात खाटेवर असताना परक्या देशातल्या कुणी तिचा फोटो काढून त्यांच्या चर्चच्या पडद्यावर दाखवला, तर तुम्हाला चालेल? 1899–1900 च्या दुष्काळात आपल्याच माणसांचे, बरगड्या दिसणाऱ्या लेकरांचे फोटो परदेशातल्या मासिकांत छापून आले. त्यावर पैसे जमले, जीवही वाचले, हे खरं. पण ती आपली पणजी-पणजोबांची पिढी होती, आणि बहुतेकांची नावंही त्या फोटोंखाली नाहीत. आपण तरी हे दुसऱ्यांच्या लेकरांशी करू नये. पाठवलेल्या मुलीने पहिले सहा महिने भाषा शिकली आणि तब्येत सांभाळली, एवढा अहवाल पुरेसा माना. तिला पत्र लिहा, ‘काय केलंस?’ असं न विचारता ‘जेवलीस का?’ असं विचारा.

बाळा, तू महिन्यातून एक पत्र पाठव. खरं लिही. ‘अजून रुग्णाला हात लावलेला नाही, चाळीस शब्द शिकले, म्चिच्याची भाजी केली, यासाठी प्रार्थना करा.’ हा अहवाल आहे. रुग्णाचा फोटो कधीच नाही, त्याने हो म्हटलं तरी नाही, कारण अंगावर दवाखान्याचं पांघरूण असताना माणूस नाही म्हणू शकत नाही.

आईचं अवघड आहे. माझ्या वेळी पत्राला तीन आठवडे लागत, तेव्हा माझं रडणं घरी पोहोचेपर्यंत मी हसू लागलेली असे. तुमच्याकडे ती सोय उरली नाही. रात्री अंधारात तू रडतेस ते आई त्याच क्षणी बघते, मग ती रात्रभर जागते, तू सकाळी उठून वॉर्डात जातेस आणि ती भायखळ्यात तशीच बसून असते. बुधवार आणि रविवार ठरव, सकाळची वेळ ठरव, जेवून मग फोन कर. आईला सांग की मावशींनी सांगितलं आहे, राग माझ्यावर काढा म्हणावं. आणि तिला एक काम दे. नाताळ जवळ आला आहे, करंज्यांचं माप तिच्याकडून लिहून घे. तिकडे खोबरं म्वांझासारख्या आतल्या भागात महाग पडेल, रव्याचंही बघावं लागेल, पण मैदा, साखर, तेल मिळतं. पहिला नाताळ फार जड जातो. मी माझ्या पहिल्या नाताळाला घरून आलेला डबा एकटीने खोलीत बसून खाल्ला, ते करू नकोस. करंज्या बिघडल्या तरी कर, आणि शेजारी वाट.

परत जाण्याचं विचारलंस. ऐक. तिथे कुणी वरिष्ठ, तो कितीही मोठा देवमाणूस असो, तुझ्याशी वावगं वागला, तर त्याच दिवशी तिथून नीघ. कुणाची परवानगी लागत नाही. आणि झोप, अन्न पूर्ण तुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरांना सांग आणि घरी ये. निरोपाला किती माणसं होती ते मोजू नकोस. मी तुला विमानतळावर घ्यायला येईन आणि पाळकसाहेबांशीही मीच बोलेन. हे दोन्ही नसेल तर सहा महिने निर्णय घेऊ नकोस. कॅलेंडरवर तारखेला खूण कर. तोवर ‘माझं पाचारण खरं का?’ हा प्रश्न मनात आला की त्या तारखेकडे बोट दाखव आणि स्वाहिलीचे शब्द पाठ करायला बस. चोवीस दिवसांवरून मी तुला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तेवढ्यावरून मला स्वतःचंही सांगता आलं नसतं.

आता तुझं आजचं काम. संध्याकाळी सहालाच दिवा लाव आणि लावलेला ठेव. दोन कप चहाचं आधण ठेव, साखर जरा जास्त, तिकडे गोड आवडतो. ती आली आणि तिने ‘होडी’ म्हटलं की मोठ्याने म्हण, ‘कारिबू, मामा.’ खुर्ची पुढे कर. ती काही घेऊन आली असेल तर दोन्ही हातांनी घे, निदान उजव्या हाताने, डाव्याने नाही, आणि म्हण ‘असांते’, म्हणजे आभार. पैसे आणायला आत जाऊ नकोस. ती बरंच बोलेल, तुला काही कळणार नाही, तिलाही ते ठाऊक आहे. चहाकडे बोट दाखवून ‘चाय’ म्हण, ती हसेल. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलं नाव सांग, आणि तिचं विचार, ‘जीना लाको नानी?’

तिचं नाव मला पुढच्या पत्रात लिही. छापणार नाही, रविवारच्या प्रार्थनेत घेईन.

— मावशी